एकोणतीसपर्यंतचे पाढे

"शिवानी, गप का झालीस? गेलीस ना तू? मला माहितीये, तू गेलीस."

"नाय गं बाई, शिंक आली. सतरा पाचे पंच्याऐंशी. तू आटप लवकर, माझा डबा राहिलाय."

"मग शिंकायच्या आधी सांगायचं ना. माझा इथे जीव गेला."

ही कुरकुर मी भिंतीपलीकडून ऐकली. डोंबिवली पश्चिमेच्या आमच्या शाळेत शिक्षिकांचं ते आणि मुलींचं ते यांच्यामध्ये एका विटेच्या जाडीची भिंत आहे, आणि तीही छतापर्यंत पोचलेली नाही. 'ते' म्हणजे काय हे तुम्हाला कळलं असेलच. आमच्याकडे त्याला कुणी नाव घेऊन हाक मारत नाही, पूर्वी बायका नवऱ्याला मारत नसत तशी. मोठ्या बाई त्याला 'तिकडे' म्हणतात. भिवा शिपाई 'मागली साईड' म्हणतो. संस्थेच्या कागदांवर त्याचं 'स्वच्छतागृह' होतं, जे त्यातल्या दोन्ही शब्दांवर अन्याय करणारं आहे. मुली करंगळी वर करतात आणि विषय संपवतात. मीही 'ते'च म्हणते. उगाच मोठेपणा कशाला घेऊ?

शिक्षिकांच्या त्याला आतून कडी आहे, शिवाय बाहेरून कुलूप आहे. त्या कुलपाची किल्ली ऑफिसात एका मोडक्या लाकडी फूटपट्टीला बांधून ठेवलेली असते, म्हणजे ती चुकून कुणाच्या पर्समधून घरी जाऊ नये. त्यामुळे तावडे बाई, म्हणजे मी, हातात फूटपट्टी घेऊन व्हरांड्यातून निघाल्या की मुलांना वाटतं, आज कुणाची तरी धडगत नाही. एवढा दरारा मला वर्गात कधीच लाभला नाही.

तर मी ती फूटपट्टी घेऊन बाहेर आले. मुलींच्या दाराला पाठ लावून, पाय रोवून सातवीतली शिवानी भोईर उभी होती आणि अठराच्या पाढ्याला लागली होती. मी विचारलं, इथे का उभं राहून पाढे म्हणतेस? तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी अपूर्णांक न कळणाऱ्या मुलाकडे पाहते. मग समजावून सांगितलं. आत कडी नाही. दार नुसतं लोटलं की पुन्हा हळूहळू उघडतं. म्हणून एक आत जाते आणि एक बाहेरून दार धरते. पण आतलीला कसं कळणार बाहेरची उभी आहे की डबा खायला पळाली? म्हणून बाहेरचीने सतत बोलत राहायचं.

"मग पाढेच का? गाणं म्हणा की."

"गाणं म्हटलं तर भिवाकाका ओरडतात. पाढे म्हटले की कोणच काय बोलत नाय, बाई."

जगातला कुठला शिक्षक पाढे म्हणणाऱ्या मुलीला गप्प बस म्हणेल?

मग हळूहळू आणखी कळत गेलं. दार धरणाऱ्या मैत्रिणीला 'दारवाली' म्हणतात. जूनमध्ये शाळा उघडली की आधी दारवाली ठरते, मग त्यावरून बाकावर कोण कोणाशेजारी बसणार ते ठरतं, आणि आम्ही बाया टीचर्स रूममध्ये बसून म्हणतो की हल्लीच्या मुलींची मैत्री कशावरून होते कळत नाही. भांडण विकोपाला गेलं की शेवटची धमकी असते, "जा, मी तुझं दार धरणार नाय." त्यापुढे रडणंच. दूरवर एखादा मुलगा दिसला तर बाहेरची आवाज चढवते. आतलीला पाढ्याच्या पट्टीवरून धोका कळतो. कुणाला किती वेळ लागतो यावर पाढा ठरतो. तीसचा कुणी म्हणत नाही. तो फार सोपा, फार लवकर संपतो.

आता माझी पंचाईत लक्षात घ्या. मी पाचवी ते सातवीला गणित शिकवते. मी काही रीतसर घडलेली शिक्षिका नव्हे. बालवाडीत ताई म्हणून आले आणि बाकीचं इतरांच्या वह्या तपासता तपासता शिकले. अशा माझ्या आयुष्यात एकच मानाचा तुरा होता. आमच्या मुलींना एकोणतीसपर्यंत पाढे येतात. मुलगे बाराला धापा टाकतात, मुली एकोणतीसपर्यंत धावतात. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा दिला होता, 'विद्यार्थिनींचे पाठांतर उल्लेखनीय.' मग एका प्रशिक्षणात मला उभं करून 'पाढे पाठांतराची माझी पद्धत' यावर बोलायला लावलं होतं आणि मी बोललेही होते, लय आणि आनंददायी वातावरण यांवर, बराच वेळ. लोकांनी टिपून घेतलं होतं. आणि पद्धत काय, तर एक तुटकं दार.

मनातून मी खट्टू झाले, पण पाढ्यांपेक्षा एक गोष्ट जास्त टोचत राहिली. शिवानी जिचं दार धरायची, त्या ऐश्वर्याची पाण्याची बाटली. मी लक्ष ठेवलं. ती बाटली सकाळी गळ्यापर्यंत भरलेली येई आणि शाळा सुटताना गळ्यापर्यंत भरलेलीच परत जाई. तहान लागली की ऐश्वर्या ओठांवरून जीभ फिरवी. गेल्याच महिन्यात तिला उन्हाळी लागली होती, जळजळीने बाकावर नीट बसवत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, भरपूर पाणी पी. हे सांगायला डॉक्टरांचं काय जातं? त्यांच्या दाराला कडी असते. शिवाय दर महिन्याला ती चार दिवस घरीच राहायला लागली होती. तिची आई, कलावती, एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला जाते. मी फोन केला तर तिने शांतपणे सांगितलं की दिवाळीनंतर ऐश्वर्याला टिटवाळ्याला तिच्या मामाकडे ठेवणार. "तिकडं शाळेला कडी हाय, बाई. मी बघून आलेय."

लोक शाळा बदलताना निकाल बघतात, शिक्षक बघतात. कलावती कडी बघून आली होती. आणि ऐश्वर्या ही माझ्या वर्गातली एकमेव मुलगी, जी उत्तर आल्यावर 'पण बाई, असंच का?' विचारते. ती जाणार म्हटल्यावर माझ्या अंगात वीज संचारली. मी कलावतीला शब्द दिला: दिवाळीच्या आत कडी बसेल. त्यावर ती म्हणाली, बसली तर ठेवते. तो जुलै होता. एका कडीसाठी दिवाळीपर्यंतची मुदत मागितल्याबद्दल मला स्वतःचीच लाज वाटली होती.

त्याच संध्याकाळी मी स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून कडी, कोयंडा आणि स्क्रू घेतले. काय देखणी कडी होती. घरी आणून मी ती टीपॉयवर ठेवली आणि आमच्या आनंदरावांना दाखवली. आनंदरावांनी कधीतरी ऑनलाइन सेलमध्ये ड्रिल मशीन घेतलं होतं, ज्याने आजवर घरात एकही भोक पडलं नव्हतं. ते फक्त पाहुण्यांना दाखवलं जाई. त्यांचे डोळे चमकले. बायकोचं काम आणि स्वतःचं ड्रिल यांचा असा योग पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच आला होता.

तेवढ्यात शेजारचे सलिलभाऊ आले. ते रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून सोसायटीतल्या सगळ्या खिळ्यांची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली आहे. त्यांनी कडी तळहातावर वजन करून पाहिली आणि ही चालणार नाही म्हणाले. शाळा म्हणजे पब्लिक यूज, तिथे टॉवर बोल्ट लागतो. आनंदराव म्हणाले, मुलींच्या हाताला जड जाईल. त्यावरून दोघांचं जे जुंपलं ते चहाचे दोन कप होईपर्यंत चाललं, मध्येच सलिलभाऊंनी आमच्याच न्हाणीघराची कडी उघडून-लावून प्रात्यक्षिक केलं आणि ते आत अडकले. आनंदरावांनी ड्रिल काढायची तयारी दाखवली, पण मी बाहेरून दाराला खांदा दिला. असो. शेवटी कडीच नक्की झाली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी आनंदरावांना आणि ड्रिलला घेऊन मागच्या साईडला पोचले. भिवाने आडवं येऊन सांगितलं की तिथे प्लग नाही, आणि वायर ऑफिसातून ओढायची तर त्याची ड्यूटी संपली. मी म्हटलं, वायर मी ओढते. आणि इथे, सगळं अगदी हातातोंडाशी आलेलं असताना, आमच्या मुख्याध्यापिका मंदाकिनी परचुरे बाई व्हरांड्यात आल्या आणि त्यांनी विचारलं, काय चाललंय?

मी म्हणू शकले असते, काही नाही बाई, जरा कडी बसवतोय. पाच मिनिटांत बसली असती. पण आम्ही विचारून करणारी माणसं. लहानपणापासून पाण्याचा ग्लाससुद्धा 'घेऊ का' म्हणून घेतलेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, कडी बसवू का?"

मंदाकिनीबाई वाईट नाहीत. त्यांना एकच भीती आहे, की निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना त्यांच्या हातून काहीतरी घडेल. त्यांनी दाराकडे पाहिलं. चौकट एका बाजूने कुजलेली, म्हणजे कोयंडा भिंतीत बसवावा लागणार. भिंतीत म्हणजे भोक. भोक म्हणजे बांधकाम. बांधकाम म्हणजे संस्थेची मंजुरी. "तुम्ही असं करा तावडे बाई, एक अर्ज द्या. साधाच."

आनंदराव ड्रिल पुन्हा खोक्यात घालत होते तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

अर्ज लिहायला बसले, तर विषयाशीच गाडी अडली. 'मुलींच्या...' पुढे काय लिहू? मी 'स्वच्छतागृह' लिहिलं, तर मंदाकिनीबाईंनी हळूच सुचवलं की समितीत सगळी वडीलधारी पुरुष मंडळी असतात, एकदम असं वाचायला बरं दिसत नाही. मग आम्ही दोघींनी मिळून विषय लिहिला: 'विद्यार्थिनींच्या सोयीबाबत.' आतल्या मजकुरातही सोय, गैरसोय, आवश्यक ती सुविधा, असं इतकं जपून लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनाला धक्का लागणार नाही. लागला नाहीच. समितीने एकमताने अर्ज मंजूर केला आणि गणपतीच्या आधी मुलींच्या सोयीसाठी एक भलामोठा आरसा आला.

मी आमचे कार्यवाह खांबेटे सर यांना भेटायला गेले. खांबेटे सर हे अत्यंत सज्जन गृहस्थ, संस्थेसाठी आयुष्य दिलेले. फक्त कुठलीही गोष्ट समारंभाशिवाय अस्तित्वात येते यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांना मी करंगळीच्या आसपास काहीतरी हातवारे करून मुद्दा समजावला. त्यांना समजला, कारण ते एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, अस्सं, अस्सं. ते काम असेल तर ठाण्याला विचारावं लागेल.

अर्धी रजा टाकून मी ठाण्याला गेले. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही. तिथल्या माणसांनी मला चहा पाजलाय. तीन टेबलं फिरल्यावर चौथ्या टेबलामागच्या गृहस्थांनी फार मूलभूत प्रश्न विचारला. ही दुरुस्ती आहे की नवीन काम? पूर्वी कडी होती आणि तुटली, तर ती दुरुस्ती. पूर्वी कधी नव्हतीच, तर ते नवीन काम. दोन्हींची वाट वेगळी. मी म्हटलं, आता नाही एवढं नक्की. ते म्हणाले, मॅडम, आत्ताचं सोडा, आधीचं सांगा. आणि मला कबूल करावं लागलं की आमच्या शाळेच्या इतिहासातला हा भाग मला ठाऊक नाही.

परत येताना मला मात्र हुरूप आला होता. शोध लागणार म्हटलं की मला आनंदच होतो. मी थेट माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं: आपल्या शाळेत मुलींच्या त्याला पूर्वी कडी होती का, कुणाला आठवतंय?

ग्रुप पेटला. एकाने ठामपणे सांगितलं की होती, पितळेची. दुसऱ्याने विचारलं, तुला रे कसं ठाऊक? त्यावर बरेच हसणारे चेहरे. तिसऱ्याने शाळेबाहेरच्या वड्याची आठवण काढली. चौथ्याने सहलीचा फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत सगळे गहिवरले होते. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली, की ग्रुपवर निम्म्या मुली, म्हणजे आता चांगल्या बायका, आणि त्यांतली एकही काही बोलली नव्हती.

मग माझा फोन वाजायला लागला. एकेकीचा, वेगवेगळा. पुण्याहून एकजण म्हणाली, "बाई, कडी कधीच नव्हती. माझी दारवाली आता नाशिकला असते, आम्ही अजून दर रविवारी बोलतो." एक बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, तिने सांगितलं की ती शाळेत पाणीच पीत नसे, आणि ती सवय आजही जात नाही. आणि एकीने हसत हसत सांगितलं की तिचा मुलगा पाढे पाठ करायला लागला की तिला अजून तिकडे जावंसं वाटतं. आम्ही दोघी खूप हसलो. मी तिला विचारलं, हे ग्रुपवर लिहितेस का? ती म्हणाली, "काहीतरीच काय बाई, तिथे मुलं आहेत." मुलं म्हणजे पंचेचाळीस वर्षांचे बाप्ये.

ठाण्याच्या गृहस्थांना हे लेखी हवं होतं. लेखी कुणी देईना. शेवटी त्यांनी असा मधला मार्ग काढला, की सरकारी वाटच सोडा आणि देणगीदार पाहा. आणि देणगीदार तर तयारच होता. सौमित्र. त्याच ग्रुपवरचा, पितळेच्या कडीवाला. तो घोडबंदर रोडला राहतो, कंपनीत मोठा साहेब आहे. त्याला सहलीच्या फोटोने इतकं भरून आलं होतं की त्याने बॅचतर्फे नुसती कडी नव्हे तर चौकटीसकट नवं दारच द्यायचं जाहीर केलं, आजीच्या स्मरणार्थ. मी त्या दिवशी घरी येऊन शिरा केला. आनंदरावांनी ड्रिलवरची धूळ पुसली.

पण देणगीचं दार म्हटल्यावर खांबेटे सरांच्या डोळ्यांपुढे समारंभ उभा राहिला. दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी उद्घाटन, पाहुणे स्वतः सौमित्र, संगमरवरी पाटी. पाटीवर काय लिहायचं यावर समितीच्या बैठका झाल्या, कारण 'अमुक यांच्या स्मरणार्थ' याच्यापुढे कशाचं दार ते लिहायचं होतं आणि ते कुणाला लिहायचं नव्हतं. शेवटी नुसतं 'द्वार' लिहिलं. दरम्यान, जुनं दार चौकटीसह काढून नेलं गेलं, आणि नवं सुताराकडून यायला वेळ होता.

म्हणजे आता कडीही नव्हती आणि दारही नव्हतं.

मी धावाधाव करून स्नेहसंमेलनाचा जुना फ्लेक्स तिथे बांधला. त्यावर 'सर्वांचे हार्दिक स्वागत' असं लिहिलं होतं. उलटा करून बांधावा हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. एका दारवालीच्या जागी आता दोन लागायला लागल्या, एकेक टोक धरायला, आणि त्या दोघी एकाच पाढ्यावर राहीनात, त्यामुळे आतलीचा गोंधळ. भिवाने तक्रार केली की मागल्या साईडला बाजार भरतो. ऐश्वर्या जी घरी बसली ती सहामाही परीक्षेपुरती आली. बाटली भरलेली. पेपर संपला की पळत घरी.

उद्घाटनाच्या सकाळी कलावती शाळेत आली. तिने कामावर खाडा केला होता. मला काही टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बाई, तुमी लय केलंत. दाखला तेवढा द्या. मामाची शाळा सुट्टीनंतर लगेच घेते बोलली." मी तिला म्हटलं, थांब, आज दार लागतंय, कार्यक्रम होऊ दे, मग ठरव. माझ्या आवाजात इतका उत्साह होता की ती थांबली. मांडवात शेवटच्या खुर्चीवर बसली, दाखल्याचा अर्ज मांडीवर ठेवून.

मी पर्समध्ये हात घालून माझी कडी चाचपली. जुलैपासून ती तिथेच होती. तिने माझा कंगवा मोडला होता, एका मॉलच्या दारात मला झडती द्यायला लावली होती. आता तिची गरज नव्हती. नवं दार कडीसकट येणार होतं. ड्रिलसुद्धा मी उगीचच पिशवीत आणलं होतं, म्हणजे आनंदरावांनीच आणलं होतं, पाहुण्यांना दाखवायला. ते स्वतः दुसऱ्या रांगेत ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

दार कालच बसलं होतं आणि वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलं होतं. खांबेटे सरांनी कागद काढले. काय दार होतं. सागवानी रंग, मध्यभागी कोरलेलं कमळ, बाजूच्या भिंतीवर पाटी, आणि बरोबर छातीच्या उंचीवर चकचकीत पितळेची कडी. तिला लाल रिबीन.

कडी बाहेरून होती.

मी खांबेटे सरांना बाजूला घेतलं. त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. तावडे बाई, पाहुणे कडी काढून उद्घाटन करणार. आतून लावली असती तर पाहुण्यांनी कडी काढायची कशी? आत कोण जाणार, लावणार कोण, आणि मग बाहेर येणार कसं? हा प्रश्न समितीत सविस्तर चर्चिला गेला होता. मी म्हटलं, मग आतूनही एक. ते म्हणाले, एका दाराला दोन कड्या? हिशेब तपासनिसांना काय सांगू? शिवाय नव्या दाराला लगेच भोकं पाडली तर देणगीदारांचा अपमान होईल. मी मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला. मी तोंड उघडलं, आणि समोर पाहुण्यांची गाडी आली, आणि मी ते मिटलं. मी मघाशी म्हटलंच, उगाच मोठेपणा घेणार नाही.

सौमित्रने रिबीन कापली, कडी काढली, दार उघडलं, आत डोकावून लगेच मागे सरकला. टाळ्या झाल्या. मग तो माइकसमोर भावुक झाला. म्हणाला, या शाळेने आम्हाला घडवलं. एक गोष्ट मात्र मला आयुष्यभर छळते. आमच्या वर्गातल्या मुलींना एकोणतीसपर्यंत पाढे यायचे आणि आम्हा मुलांना बारापुढे नाही. मघाशी तावडे बाई म्हणाल्या, आजही तसंच आहे. मग त्याने ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या मुलीला जवळ बोलावलं. ती ऐश्वर्या होती. ताट धरायला तिला शिवानीने उभं केलं होतं, शेवटचा दिवस म्हणून. त्याने विचारलं, बेटा, एकोणतीस सक्क किती? ती म्हणाली, एकशे चौऱ्याहत्तर. टाळ्या. मग त्याने माइक तिच्यापुढे धरला. "आता आम्हाला पण सांग, तुम्हा मुलींचं रहस्य काय?"

मंदाकिनीबाई मागून कुजबुजल्या, "नियमित सराव म्हण, बाळ. नियमित सराव."

ऐश्वर्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग शेवटच्या खुर्चीकडे, मग त्या दाराकडे. आणि ती बोलली. एकच वाक्य नव्हे, तीन-चार. काय बोलली ते शेवटी सांगते, कारण त्यापुढे लिहिण्यासारखं काही उरत नाही. आधी नंतरचं उरकून घेऊ.

नंतर असं झालं, की मांडवात एवढी शांतता पसरली की भिवाने जनरेटर बंद पडला समजून धाव घेतली. खांबेटे सर आभाळाकडे पाहायला लागले. सौमित्रचा चेहरा आधी पाढ्यात अडकलेल्या मुलासारखा झाला, मग हळूहळू सगळं समजल्यासारखा. त्याने माइक खाली ठेवला आणि बराच वेळ आजीच्या पाटीकडे बघत राहिला. पहिली टाळी शेवटच्या खुर्चीवरून आली. आणि मग मंदाकिनी परचुरे बाई, ज्यांना निवृत्तीआधी काहीही घडू द्यायचं नव्हतं, उठून आनंदरावांपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "तावडे, ते यंत्र चालतं का?"

वायर भिवाने ओढली. माझ्या पर्समधली कडी, त्याच जागी, आतून बसली. सलिलभाऊंना व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं, त्यांनी शेवटपर्यंत टॉवर बोल्टचा आग्रह सोडला नाही. कलावतीने दाखल्याचा अर्ज घडी घालून ब्लाउजमध्ये खोचला; फाडला नाही, जपून ठेवलाय, बाईंवर भरवसा किती ठेवायचा हे तिला कळतं. बाहेरची पितळी कडी अजून तशीच आहे. देणगीची वस्तू काढता येत नाही.

आणि हो, यंदाच्या तपासणीत शेरा आलाय: 'विद्यार्थिनींचे पाढे कच्चे. गणिताच्या शिक्षिकेने लक्ष द्यावे.' मी तो शेरा टीचर्स रूममध्ये सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

तर ऐश्वर्या काय बोलली. हातातलं ताट जराही न हलवता, सतराचा पाढा म्हणावा तितक्या सरळ आवाजात तिने सांगितलं:

"सराव नाही, सर. आतली मुतत असते तेव्हा बाहेरची दार धरून पाढे म्हणते. कारण आत कडी नाही. आज बसवलीत ती पण बाहेरून बसवलीत, आणि मुतायला आम्ही आत जातो."